'हिज' म्हणजे नेमके कोणाचे?

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. वंदना आटोपली, मुलांना खाऊ वाटून झाला की आठ-दहा भगिनी आणि तीन-चार शाळकरी मुली सतरंजीवर तशाच बसून राहतात. हा आमचा इंग्रजीचा वर्ग. फी नाही, परीक्षा नाही. कोणी चार घरची धुणीभांडी करून येते, कोणी पाळणाघरात काम करते. रात्रपाळी करून थेट विहारात येणारे एक सुरक्षारक्षक बंधूही आहेत. त्यांच्या डोळ्यांवर झोप असते, पण वही सर्वांत स्वच्छ त्यांचीच असते.

गेल्या पावसाळ्यात एक ताई वर्गाला आल्या त्या हिरमुसल्या चेहऱ्याने. त्यांची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. मुलीला ताप आला म्हणून ताईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने शाळेला दोन ओळी लिहिल्या होत्या. "माय डॉटर इज सिक. हिज फादर इज नॉट अ‍ॅट होम." मुलीने त्या वाचल्या आणि ती तापातही हसली. म्हणाली, "आई, मी काय मुलगा आहे का?"

ताई मला म्हणाल्या, "मॅडम, मी तर बरोबरच लिहिलं की! वडील म्हणजे पुरुष. मग 'हिज'च येणार ना?"

वर्गातल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. त्यांनाही तसेच वाटत होते. मी मात्र क्षणभर गप्प झाले. या 'हिज' शब्दाने एकेकाळी आमच्या घराला सहा महिने उंबरठे झिजवायला लावले होते. ती हकिगत मी त्या दिवशी वर्गाला सांगितली, आणि आज वाचकांनाही सांगते. त्यातून इंग्रजीचे थोडे व्याकरणही समजेल.

माझे वडील गिरणीत कामाला होते. चाळीत आमची दहा बाय बाराची एक खोली. तीत आई, बाबा, आम्ही तीन भावंडे आणि बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, असे सहा जण राहत होतो. भाडेपावती बाबांच्या नावावर होती. १९८४ च्या मार्चमध्ये बाबा वारले. मी तेव्हा आठवीत होते. दिवस-कार्य उरकल्यावर शेजाऱ्यांनी आईला सांगितले, "पावती तुझ्या नावावर करून घे, नाहीतर उद्या खोलीवर कोणीही बोट ठेवील."

चाळीच्या मालकांच्या कार्यालयात सगळा कारभार इंग्रजीत चाले. आईला सहीपुरती अक्षरे येत होती. ती पोस्टाबाहेर यंत्र घेऊन बसणाऱ्या एका टायपिस्टकडे गेली. त्यांनी जुनी भाडेपावती पाहून अर्जाच्या वर बाबांचे नाव आणि खोलीचा क्रमांक टाकला, आणि आईला मजकूर सांगायला सांगितले.

आईने आयुष्यात कधी बाबांचे नाव घेतले नव्हते. लग्नातला उखाणा सोडला तर कधीच नाही. बाबांविषयी बोलताना ती 'ते' म्हणे, 'ह्यांनी' म्हणे. काकांना तिने लहानाचे मोठे केले होते, स्वतः नेऊन शाळेत बसवले होते, म्हणून त्यांना ती 'तो' म्हणे. त्या दिवशीही ती तशीच बोलली. "हे आणि ह्यांचा भाऊ खोलीत राहायचे. ते मार्चमध्ये गेले. आता त्यांची बायकोच भाडं भरते." स्वतःविषयी 'मी' म्हणायचाही तिला त्या दुःखात धीर झाला नाही.

मराठीत या बोलण्यात काही गोंधळ आहे का? मुळीच नाही. 'ते गेले' म्हटले की गेले ते बाबा. काका गेले असते तर आई 'तो गेला' म्हणाली असती. एका 'ते'मध्ये मानही होता आणि ओळखही होती.

टायपिस्टने त्याचे इंग्रजी केले ते असे. "माय हजबंड अँड हिज ब्रदर लिव्ह्ड इन धिस रूम. ही एक्सपायर्ड इन मार्च अँड हिज वाइफ इज पेइंग हिज रेंट. प्लीज ट्रान्सफर हिज रूम टू हर नेम." पाच रुपये घेतले आणि अर्ज हातात दिला.

जूनमध्ये उत्तर आले. घरात थोडेफार इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते. मी अडखळत वाचत गेले आणि शेवटच्या ओळीला थांबले. त्यात लिहिले होते की, खोली तुमच्या पतीच्या नावावर आहे, ती त्यांच्या भावाच्या विधवेच्या नावावर करायची असल्यास तुमच्या पतीने समक्ष येऊन संमती द्यावी.

आई चुलीपाशी बसून विचारत होती, "काय लिहिलंय गं?" मी काय सांगणार? बाबांना बोलावले आहे, असे सांगू? काकांचे तर तेव्हा लग्नही झाले नव्हते!

दुसऱ्या दिवशी ते पत्र आणि आमच्या अर्जाची कार्बन प्रत घेऊन मी शाळेत इंग्रजीच्या बाईंकडे गेले. बाईंनी दोन्ही कागद वाचले. त्या रागावल्या नाहीत. मालकाला शिव्या दिल्या नाहीत, टायपिस्टलाही नाही. त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि अर्जातल्या प्रत्येक 'ही', 'हिज', 'हर' खाली रेघ मारली. एक 'ही', चार 'हिज', एक 'हर'. मग मला म्हणाल्या, "आता प्रत्येक रेघेपासून बाण काढ. हा शब्द कोणाकडे बोट दाखवतो ते सांग."

मी बाण काढायला लागले आणि माझ्या लक्षात आले की, बाण दोन्हीकडे जातात. 'ही' बाबांकडेही जाते आणि काकांकडेही. उलट काका वाक्यात जवळ बसलेले, म्हणून वाचणाऱ्याचे बोट आधी काकांकडे जाते. शिवाय अर्ज करणारी बाई 'माय हजबंड' म्हणते आहे, मग 'त्याची बायको' ही कोणी दुसरीच असली पाहिजे. नाहीतर ती 'आय' म्हणाली असती. कार्यालयातल्या साहेबाने जे वाचले ते त्याच्या दृष्टीने सरळच होते.

बाई म्हणाल्या, "सर्वनाम हे नावाच्या जागी येतं. पण नावच आधी आलं नसेल किंवा नावं दोन असतील, तर ते बिचारं कोणाच्या जागी उभं राहणार?"

हे वाक्य मी वर्गात आजही सांगते. आता त्याचा विस्तार करते, कारण त्या तापाच्या चिठ्ठीचे उत्तर यातच आहे.

मराठीत 'तिचे वडील', 'तिची आई', 'तिचा भाऊ' असे आपण म्हणतो. 'चा-ची-चे' हे शेपूट ज्याच्याविषयी बोलतो त्या माणसाप्रमाणे किंवा वस्तूप्रमाणे बदलते. भाऊ पुरुष म्हणून 'चा', आई स्त्री म्हणून 'ची'. इंग्रजीला हे शेपूटच नाही. इंग्रजी फक्त एवढेच विचारते, मालक कोण? मालक स्त्री असेल तर 'हर', पुरुष असेल तर 'हिज', निर्जीव वस्तू किंवा संस्था असेल तर 'इट्स', अनेक असतील तर 'देअर'. मुलीचे वडील म्हणताना वडिलांकडे पाहायचे नाही, मुलीकडे पाहायचे. म्हणून "हर फादर". मुलाची आई म्हणताना मुलाकडे पाहायचे, म्हणून "हिज मदर". मराठीतही 'तिचे' मधले 'ति' मुलीचेच असते. आपण त्या 'ति'कडे न पाहता 'चे'कडे पाहतो, म्हणून फसतो. हे कळल्यावर त्या ताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हणजे पुढचं अक्षर बघायचं, शेपूट नाही!" यापेक्षा चांगला नियम मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

दुसरी गोष्ट 'माय' आणि 'माईन'ची. 'माय' कधी एकटा उभा राहत नाही, त्याला पुढे सोबत लागते. "माय टिफिन", "माय रूम". 'माईन' मात्र एकटाच उभा राहतो. "धिस टिफिन इज माईन." तसेच 'युअर' आणि 'युअर्स', 'हर' आणि 'हर्स', 'आवर' आणि 'आवर्स', 'देअर' आणि 'देअर्स'. एकटा 'हिज' तेवढा दोन्ही कामे करतो.

आता उभयान्वयी अव्यये. आपण शाळेत हा शब्द पाठ केला, पण त्याचा अर्थ साधा आहे. दोन्ही बाजूंना जोडणारा तो उभयान्वयी, जिन्याच्या दोन दांड्यांना धरून ठेवणाऱ्या पायरीसारखा. 'अँड' म्हणजे आणि, 'बट' म्हणजे पण, 'ऑर' म्हणजे किंवा, 'बिकॉज' म्हणजे कारण. अर्थ सोपे आहेत, अडचण येते ती यांच्या शेजारी सर्वनाम आल्यावर.

मराठीत क्रियापदच कर्ता सांगते. "आजारी होते म्हणून आले नाही," एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, बोलणारी बाई आहे आणि स्वतःविषयी बोलते आहे. 'मी' म्हणावे लागत नाही. इंग्रजीत 'बिकॉज' नंतर सर्वनाम पुन्हा घालावेच लागते. "आय डिड नॉट कम बिकॉज आय वॉज सिक." आमच्या वर्गात पहिले दोन महिने सगळ्या "बिकॉज वॉज सिक" असेच लिहीत. 'अँड'चे थोडे वेगळे आहे. दोन्ही कामे एकच माणूस करत असेल तर दुसऱ्यांदा सर्वनाम नको. "शी कुक्स अँड गोज टू वर्क." पण माणूस बदलला तर सांगायलाच हवे. "शी कुक्स अँड आय वॉश द क्लोद्स." नाहीतर स्वयंपाकही तिनेच केला आणि धुणेही तिनेच धुतले असे होईल. घरात होते तसेच!

आपण मराठीत 'जरी' म्हटले की पुढे 'तरी' म्हणतो. त्या सवयीने मुले 'ऑलदो'च्या जोडीला 'बट' घालतात आणि 'बिकॉज'च्या जोडीला 'सो'. इंग्रजीत जोड लागत नाही. दोन वाक्यांना एकच सांधा पुरतो. "ऑलदो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट." मध्ये 'बट' नको.

आणि 'मी'ची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपला 'मी' म्हणजे इंग्रजी 'आय', आणि इंग्रजी 'मी' म्हणजे आपला 'मला'. लहान मुले "मी गो टू स्कूल" म्हणतात ती यामुळेच. मोठी माणसे फसतात ती भाऊ सोबत आला की. "माय ब्रदर अँड आय वेंट टू नागपूर" हे बरोबर. पण "ही गेव्ह द की टू माय ब्रदर अँड मी" इथे 'मी'च हवे. ओळखायचे कसे? भावाला क्षणभर बाजूला करा. "आय वेंट" म्हणाल की "मी वेंट"? "टू मी" म्हणाल की "टू आय"? उत्तर आपोआप मिळते. आणि इंग्रजीची रीत अशी की, दुसऱ्याचे नाव आधी आणि स्वतःचे मागून. आपण "मी आणि माझा भाऊ" म्हणतो, ते "माझा भाऊ आणि मी" म्हणतात.

'अँड' आणि मालकी एकत्र आल्या की तर डोळ्यात तेल घालून पाहावे. "राजू अँड मीनाज रूम" म्हटले तर खोली एक आणि ती दोघांची मिळून. "राजूज अँड मीनाज रूम्स" म्हटले तर राजूची वेगळी, मीनाची वेगळी. फरक एका 'ज'चा, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर काढलेल्या त्या छोट्या स्वल्पविरामाचा आणि 'एस' या अक्षराचा. ज्यांच्या घरात एका खोलीवरून दोन भावांत वाद झाले आहेत, त्यांना हा फरक मी समजावून सांगायला नको.

हा छोटा स्वल्पविराम आणखी एका ठिकाणी चकवतो. 'इट्स' दोन प्रकारे लिहितात. स्वल्पविराम दिला तर 'इट इज', म्हणजे 'ते आहे'. न दिला तर 'त्याचा, त्याची, त्याचे'. हे वर्गाला कसे लक्षात राहावे? आमच्या विहाराच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका इंग्रजीत आणि मराठीत लावलेली आहे. मी सर्वांना उठवून तिच्यासमोर उभे केले आणि म्हटले, यात सर्वनामे शोधा.

पहिलाच शब्द सापडला, 'वुई', म्हणजे आम्ही. मग भारताने आपल्या सर्व नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य, समता मिळवून देण्याची गोष्ट येते, तिथे नागरिकांच्या आधी 'इट्स' आहे. डोक्यावर स्वल्पविराम नाही, कारण नागरिक भारताचे आहेत, मालकीचा 'इट्स' आहे. पुढे 'आवर' येतो, संविधान सभा आपली म्हणून. आणि शेवटी 'अवरसेल्व्ह्ज', म्हणजे स्वतःलाच. २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीखही तिथेच आहे. रात्रपाळीचे आमचे बंधू म्हणाले, "मॅडम, सुरुवात आम्हीपासून आणि शेवट स्वतःपर्यंत. मधे कुठला राजा नाही, कुठला देव नाही." व्याकरणाच्या तासाला एवढे कळले तर आणखी काय हवे?

इथे एक गोष्ट मराठीची मोठी आहे हेही सांगते. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. "आमची वस्ती" आणि "आपली वस्ती" यात किती अंतर आहे! इंग्रजीत दोन्हींना 'आवर' एवढेच. तसेच "काकांनी बाबांना आपला डबा दिला" यात डबा काकांचा हे मराठीत स्पष्ट आहे. इंग्रजीत "हिज टिफिन" म्हटले की कोणाचा ते कळत नाही, "हिज ओन टिफिन" म्हणावे लागते.

उलट इंग्रजीची एक गोष्ट आपल्या माणसांना फार आवडते. 'यू' हा शब्द सर्वांना एकच. साहेबालाही यू, झाडूवाल्यालाही यू. आपल्या आजोबांना गावात काल जन्मलेले पोर 'अरे-तुरे' करीत असे, म्हणून हे आपल्याला चटकन भिडते. पण ही समता इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. पूर्वी त्यांच्यातही 'दाऊ' म्हणजे 'तू' होते आणि वरच्या माणसाला 'यू' म्हणण्याची चाल होती. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांच्यामागे क्वेकर नावाचा पंथ उभा राहिला. ते लोक न्यायाधीशालासुद्धा 'दाऊ' म्हणत आणि त्याच्यासमोर टोपीही काढत नसत. देवापुढे सर्व माणसे सारखी, मग एकाला वेगळा शब्द का, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, तुरुंगही भोगला. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेले आणि सर्वांना 'यू' उरले. म्हणजे मानाचा शब्द सर्वांच्या वाट्याला आला. एवढ्यावरून इंग्रज समतावादी झाले असे मात्र कोणी समजू नये. शब्द एक असला तरी आवाजात तुच्छता आणता येतेच.

आणि 'ही'-'हिज'मध्ये तर मानाला जागाच नाही. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. या नावाकडे पाहा. 'अँड' हा सांधा, 'हिज' ही मालकी आणि तिचा बाण सरळ बुद्धांकडे. मराठीत आपण 'त्यांचा धम्म' म्हणतो. 'त्यां'मध्ये आदर आहे आणि 'चा' धम्मासाठी आहे. इंग्रजीत तोच 'हिज', जो दूधवाल्याच्या सायकलीलाही लागतो. म्हणून आदर कमी झाला का? नाही. 'हिज'च्या आधी नाव स्पष्ट घेतले आहे, त्यामुळे धम्म कोणाचा याविषयी वाचणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका राहत नाही. इंग्रजीत मान ठेवायचा तर नाव नीट घ्यावे, सर्वनामावर भिस्त ठेवू नये.

माझ्या आईच्या अर्जात नेमके हेच राहून गेले होते. बाबांना गावात कोणी 'अहो' म्हटले नव्हते, गिरणीतही जॉबर एकेरीच हाक मारी. आईच्या तोंडचे 'ते' हाच त्यांना मिळालेला मान. तो मान इंग्रजीत गेला तेव्हा एका कोरड्या 'ही'मध्ये विरून गेला, आणि त्याबरोबर ओळखही गेली.

बाईंनी माझ्याकडूनच नवा अर्ज लिहून घेतला. पहिल्या वाक्यात बाबांचे पूर्ण नाव आणि ते या खोलीचे भाडेकरू होते एवढेच. मग, "ही एक्सपायर्ड इन मार्च १९८४. आय अ‍ॅम हिज विडो." इथे 'ही' आणि 'हिज' चालतात, कारण वाक्यात अजून दुसरा पुरुष आलेला नाही. मग काका आले. "माय हजबंड्स यंगर ब्रदर लिव्ह्ज विथ अस, बट द रेंट रिसीट इज इन माय हजबंड्स नेम." दुसरा माणूस आला की 'हिज' सोडून द्यायचे आणि 'माय हजबंड्स' पुन्हा लिहायचे. कंटाळवाणे वाटले तरी लिहायचे. 'बट'ने गैरसमजाला दार बंद केले. शेवटी, "आय अ‍ॅम पेइंग द रेंट. प्लीज ट्रान्सफर द रिसीट टू माय नेम." कुठे 'हर' नाही, कुठे 'हिज वाइफ' नाही. सगळीकडे 'आय' आणि 'माय'.

अर्ज घेऊन आई, काका आणि मी गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती, एकदा काकांचे लेखी म्हणणे हवे होते. शेवटच्या वेळी खिडकीतल्या कारकुनाने वर न पाहता विचारले, "भाडेकरूचं नाव?" नेहमीप्रमाणे मी तोंड उघडले. आईने माझा हात दाबला. मग तिने स्वतः बाबांचे नाव घेतले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे. आवाज थोडा कापला. काकांनी मान खाली घातली. कारकुनाने काय ते लिहून घेतले. त्याला कुठे ठाऊक की त्या खिडकीपाशी काय घडले!

परतताना बसमध्ये आई म्हणाली, "नाव घेतल्यानं माणूस लहान होत नाही गं. उगाच भीत होते."

ऑक्टोबरात भाडेपावती आईच्या नावावर आली. त्या पावतीवर मी आईचे नाव इंग्रजीत पहिल्यांदा छापलेले पाहिले. आई वारेपर्यंत ती पावती बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागे ठेवलेली होती.

आमच्या पिढीला पाचवीपासून इंग्रजी होते. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवू लागले. आज आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, फडाफडा बोलतात. चांगलेच आहे. पण फॉर्म, अर्ज, भाडेकरार, विम्याचे कागद घरी येतात तेव्हा मुलांना हाक मारून नुसते "वाच" म्हणू नका. पेन्सिल द्या आणि प्रत्येक 'ही', 'शी', 'इट', 'दे', 'हिज', 'हर', 'देअर' खाली रेघ मारायला सांगा. बाण काढायला लावा. एकही बाण दोन माणसांकडे जात असेल तर सही करू नका. तिथे नाव लिहायला लावा. 'अँड' दिसला तर काय काय जोडले आहे ते विचारा. 'ऑर' दिसला तर निवड कोण करणार, तुम्ही की ते, हे विचारा. याला मोठे शिक्षण लागत नाही. एक पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात.

ती तापाची चिठ्ठी ताईंनी वर्गातच पुन्हा लिहिली. "माय डॉटर इज सिक. हर फादर इज नॉट अ‍ॅट होम, अँड आय अ‍ॅम विथ हर." शेवटचे वाक्य मी सांगितलेले नव्हते. त्यांनी स्वतः जोडले होते. मी विचारले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "वडील घरी नाहीत एवढंच लिहिलं तर पोरगी एकटी आहे असं वाटेल ना शाळेला. मी आहे ना!"

मी त्यांच्या वहीवर बरोबरची खूण केली.